तिच्या फोनमधलं माझं नाव

माझ्या नाकावर राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं जिल्ह्यातल्या लहान लहान गावांत पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले आणि ओरडल्याशिवाय कुणाला वाचायला येतं, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. निवृत्त झालो तेव्हा वर्ग सुटला, राग तेवढा घरी आला. घरात आम्ही दोघंच. त्यामुळे तो कुणाच्या वाट्याला आला असेल ते सांगायला नको.

वाचन शिकवायची माझी एक पद्धत होती. पहिलीच्या पुस्तकात कमळाचं चित्र असतं आणि खाली ‘कमळ’ लिहिलेलं असतं. पोरं चित्र पाहतात आणि ‘कमळ’ म्हणून ओरडतात. बघणाऱ्याला वाटतं, वा, पोरगं वाचायला लागलं. मी त्या चित्रावर तळहात ठेवायचो. ‘आता वाच.’ निम्मा वर्ग गप्प व्हायचा, एखादं पोर मुसमुसायला लागायचं. पण ज्याला त्यानंतर यायचं त्याला खरंच यायचं. या पद्धतीचा मला अभिमान होता. अजूनही थोडा आहे, पण पूर्वीइतका नाही.

बायकोला मात्र वाचता येत नाही. तिच्या लहानपणी ती आईबरोबर कापूस वेचायला जायची, शाळा राहूनच गेली. अक्षर नाही, आकडाही नाही. लग्नानंतर दोन-तीनदा मी पाटी घेऊन बसलो, ओरडलो, ती उठून चुलीकडे गेली. मी पुन्हा बोलावलं नाही, तिनेही पुन्हा विचारलं नाही. गावोगावची पोरं वाचायला शिकवणाऱ्या मास्तरच्या घरात ही एक जागा कोरीच राहिली. याची लाज मला वाटायला हवी तेव्हा वाटली नाही, ती उशिरा वाटली.

आमचं घर पिपरी मेघेत. शेत पवनारला, धाम नदीच्या पात्रापासून थोडं आत, वडिलांच्या वाटणीतलं दोन एकर. निवृत्तीनंतर मी रोज सकाळी स्कूटीने शेतावर जातो, दुपारी तिथेच डबा खातो आणि चारच्या सुमारास परततो. मला साखरेचा आजार आहे. गोळी घ्यायची आणि वेळेवर जेवायचं, एवढंच पथ्य. गोळी घेतली आणि जेवण चुकलं, की रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात आणि डोक्याचं काम बंद पडतं. खिशात खायला असलं तरी ते खावं हे सुचत नाही, हा त्यातला वाईट भाग.

तसं एकदा झालं. दिवाळीच्या आधी, तुरीत. मी बांधावर बसून काहीबाही बडबडत होतो म्हणे. शेजारच्या वावरातल्या शेतकऱ्याने पाहिलं, साखर चारली, संध्याकाळी घरी आणून सोडलं. बायको फाटकात उभी होती. दुपारपासून तशीच उभी होती. घरात जुना बटणांचा फोन होता, पण तिला तो फक्त उचलता यायचा, लावता यायचा नाही.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, “तुमी तिकडं पडून होते अन् मी इकडं दारात उभी. मले फोन लावता येत नाई. उद्या तुमाले काई झालं त मले कोन सांगन?”

मी म्हणालो, “काई होत नाई.” दुसऱ्या दिवसापासून माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात गुळाची पुडी यायला लागली. ती सकाळीच, सदरा खुंटीवर असतानाच ठेवून द्यायची.

दिवाळीला लेक पुण्याहून आली ती आईसाठी नवा स्मार्टफोन घेऊनच. खोका उघडायच्या आधी मला दम दिला, “बाबा, तुमी आईवर ओरडाचं नाई. नाईतं मी हा वापस घेऊन जाइन.”

बायकोने फोन हातात घेतला नाही. आधी पाट मांडला. “नवी वस्तू हाय, असीच कशी वापरायची?” म्हणत तिने फोनला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. समोरच्या काचेला कुंकू नको म्हणून लेकीने ओरडून फोन उलटा केला, तर हिने पाठीमागे ठळक बोट टेकवलं, ते नेमकं कॅमेऱ्यावर. पहिल्या दिवशी काढलेल्या सगळ्या फोटोंत आम्ही तिघंही लालसर आहोत. लेक पोट धरून हसली. बायको म्हणाली, “चांगलंच हाय नं, लगनातल्यावानी दिसून राह्यलो.”

मग शिकवणी सुरू झाली. बाजूची बारीक कळ दाबली की उजेड येतो. पुन्हा दाबली की जातो. चार्जरचं टोक जोर लावून घुसवायचं नाही. फोन आला की हिरवं चिन्ह वर सारायचं, दाबायचं नाही. हे सारणं तिला चार दिवस जमलं नाही. ती दारावरच्या घंटीसारखं बोट रोवून उभी राहायची आणि तिकडे फोन वाजून वाजून बंद पडायचा. बोटाच्या ठशाने फोन उघडायची सोय होती, ती तिच्या बाबतीत बादच झाली. इतक्या वर्षांच्या वेचणीने, भांड्यांनी तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. फोन दर वेळी नाही म्हणायचा. “मी मीच नाई म्हंते हा,” ती म्हणाली. लेकीने कुलूपच काढून टाकलं.

फोन लावण्यासाठी लेकीने पहिल्याच पानावर दोन फोटो आणून ठेवले, एक माझा आणि एक तिचा. फोटोवर बोट टेकवलं की फोन लागतो. बायकोने लगेच मला लावून पाहिला. मी शेजारच्या खोलीत. दोघं एकमेकांशी काय बोलावं ते न कळून “हॅलो, हॅलो” करत राहिलो.

तेवढ्यावर थांबायचं तर थांबता आलं असतं. पण लेकीने आणखी एक गंमत दाखवली. माइकचं चिन्ह दाबायचं आणि नुसतं बोलायचं. अमक्याला फोन लाव म्हटलं की फोन आपणच लावतो. बायकोने लेकीचं नाव घेऊन पाहिलं, लेकीच्या हातातला फोन वाजला. बायकोला नवल वाटलं. मग लेक म्हणाली, “आता बाबाले लाव.”

बायकोने फोन खाली ठेवला.

आमच्याकडे तिच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ‘अजी’, ‘आयकता का’, ‘पोरीचे बाबा’, यावर जन्म निघतो. लग्नात एकदा उखाण्यात तिने माझं नाव घेतलं होतं, पण तेव्हा मांडवात बाजा वाजत होता आणि मला काही ऐकू आलं नाही. त्यानंतर चाळीस वर्षांत एकदाही नाही. दवाखान्यात, बँकेत, मतदानाच्या केंद्रावर कुणी विचारलं, तर ती माझ्याकडे बोट दाखवते.

“मी नाई घेत नाव,” ती म्हणाली. “नाव घेतलं त मानसाचं आयुष्य कमी होते. आमच्या आईनं सांगतलं हाय.”

“आयुष्य साखरेनं कमी होऊन राह्यलं, नावानं नाई,” मी म्हणालो.

“साखर डॉक्टर पायते. नाव माह्यापाशी हाय.”

लेकीने तोड काढली. “बाबा, ‘मास्तर’ म्हनून सेव्ह करू नं. सारं गाव तुमाले मास्तरच म्हंते.” मी ठाम नकार दिला. जिल्ह्यात मास्तर पायलीचे पन्नास आहेत, मला माझं नाव आहे, ते काही शिवी नाही, असं बरंच बोललो. अंधश्रद्धा वगैरे शब्दही वापरले. फोनमध्ये मी माझ्या पूर्ण नावानेच राहिलो.

खरं कारण आता सांगतो, तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला ते नाव तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आई गेली, वडील गेले, बरोबरीचे मित्र गेले. नुसत्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. गुरुजी, सर, काका, बाबा, अजी. चार दिवस एका यंत्राच्या निमित्ताने तरी ती म्हणेल, अशी माझी आशा होती. पण हे सरळ मागायला धीर लागतो. ओरडायला लागत नाही, म्हणून मी ओरडलो.

लेक गेली. महिना-दोन महिने फोटोवर छान चाललं. दुपारी एकला फोन यायचा, “जेवले का?” मी म्हणायचो, “जेवलो.” ती फोन ठेवायची. पण माझ्यातला मास्तर अस्वस्थ होता. ही फोटो पाहून बोट ठेवते, हे काही येणं नव्हे. पुस्तकातलं चित्र पाहून ‘कमळ’ ओरडणाऱ्या पोरांसारखंच.

हरभरा घाट्यावर आला होता, शेंगा भरत होत्या, तेव्हाची गोष्ट. सकाळी चहाच्या वेळी मी म्हणालो, “आज माइक दाबून लाव. नुसतं नाव तं घ्याचं हाय.” ती म्हणाली, “फोटो हाय नं.” मी पुन्हा म्हणालो, तिने पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा मी तिचा फोन ओढून घेतला आणि पहिल्या पानावरचे दोन्ही फोटो काढून टाकले. माझा आणि लेकीचाही. नावांच्या यादीतूनसुद्धा काढले. नुसती अक्षरं उरली. फोन तिच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, “आता वाच.”

अगदी हेच शब्द. वर्गातलेच.

मी तणतणत गोळी घेतली, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि स्कूटी काढली. पवनारला पोचून ओलिताचं पाणी फिरवेपर्यंत राग उतरला होता. डबा घरी ओट्यावर राहिलाय, हे एक वाजता पिशवी उघडली तेव्हा कळलं. म्हटलं, एवढी एक सरी होऊ दे, मग निघू. ती एक सरी कधी संपली ते मला माहीत नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. मी विहिरीच्या कठड्याला टेकून बसलो होतो. सदरा ओला झाला होता. थंडीचे दिवस असूनही घाम गळ्यावरून खाली येत होता. शेजारच्या वावरात त्या दिवशी कुणी नव्हतं. घरी जायला हवं असं वाटत होतं, पण घर कुठल्या बाजूला हे ठरत नव्हतं. काहीतरी वाजत होतं. खूप वेळ वाजत होतं. ते माझ्याच खिशात वाजतंय हे कळायला वेळ लागला.

फोन कानाला लावला तर बायकोचा आवाज. “जेवले का” नाही, काही नाही. पहिलंच वाक्य, “अजी, गूळ खा.”

मी म्हणालो, “हरभऱ्याले पानी…”

“हरभरा राहू द्या. खिशात हात घाला.”

मी हात घातला.

“पुडी हाय का?”

“हाय.”

“खोला. तोंडात घाला. मले चावल्याचा आवाज येऊ द्या.”

मी फोन तोंडाजवळ धरून गूळ चावला. ती म्हणाली, “आनखी.” मी आणखी खाल्ला. मधे मधे ती विचारत होती, लेकीचा वाढदिवस कधी, म्हशीचं नाव काय होतं, पहिली बदली कोणत्या गावाला झाली. मी उत्तरं देत गेलो. पहिली दोन चुकली. तिसरं बरोबर आलं तेव्हा ती थांबली आणि मला तिचा श्वास ऐकू आला. पंधरा-वीस मिनिटांनी विहीर विहिरीच्या जागी आली, रस्ता रस्त्याच्या जागी आला. उठून रस्त्याकडेच्या टपरीवर काहीबाही खाल्लं, थोडा वेळ बसलो, मग स्कूटी काढली. फोन मी बंद केला नव्हता, तिनेही केला नाही. तो खिशात तसाच चालू होता.

चारला घरी पोचलो. देवघरात निरांजन लावलेलं होतं. आमच्याकडे दिवा सकाळी आणि सांजच्याला लागतो, भर दुपारी नाही. मी धडधाकट परत यावं म्हणून लावला असेल, असं मला वाटलं. जेवायला बसल्यावर विचारलं, “फोन कसा लावला?”

“लागला.”

“असा कसा लागला?”

“लागला म्हनलं नं. जेवा आता.”

रात्री लेकीचा फोन आला. ती दुपारभर मीटिंगमध्ये होती. आईचे दोन कॉल येऊन गेलेले तिला संध्याकाळी दिसले. म्हणजे लेकीने तिला फोन लावून दिला, असंही नव्हतं. मी समजलो, चुकून कुठेतरी बोट पडलं असेल. नशीब, म्हटलं. झोपायच्या आधी मी दोन्ही फोटो पहिल्या पानावर परत आणून ठेवले. माझं चुकलं असं म्हणायला हवं होतं. ते काही माझ्याच्याने झालं नाही.

आठवडाभराने आभाळ आलं. घाट्यावरच्या हरभऱ्याला ढगाळ हवा वाईट. माझा फोन चार्जिंगला होता, म्हणून अंगणात खुर्चीवर बसून मी बायकोचा उघडला आणि माइक दाबून हवामान विचारावं म्हटलं. कुठे बोट लागलं कोण जाणे, एक वेगळंच पान उघडलं. त्या फोनशी आजवर जे जे बोललं गेलं होतं ते सगळं तिथे ओळीने लिहिलेलं होतं, वेळेसकट. दिवाळीतल्या लेकीच्या थट्टा होत्या. मग बरेच दिवस काहीच नव्हतं. आणि मग ती दुपार.

एक वाजून पाच मिनिटांनी लेकीचं नाव आणि ‘फोन लाव’. सहा मिनिटांनी पुन्हा लेकीचं नाव. एक बाराला ‘मास्तरले फोन लाव’. मग ‘पोरीच्या बाबाले फोन लाव’. मग ‘पवनारच्या वावरात फोन लाव’. मग नुसतं ‘ह्यांना’ या अर्थी ‘यायले फोन लाव डबा राह्यला यायचा’. तिथपर्यंत एक वीस झाले होते.

त्यानंतर अकरा मिनिटं कोरी.

त्या अकरा मिनिटांत काय झालं ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. थोडं मला ठाऊक आहे. शेजारचं घर त्या दिवशी लग्नाला गेलेलं, फाटकाला कुलूप. तिथपर्यंत ती जाऊन आलीच असणार. आणि निरांजन. मी परत यावं म्हणून दिवा लावला असं मी समजत होतो. तो दिवा फोन लागायच्या आधीच लागला असणार. नाव घेतलं की माणसाचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने तिला सांगितलेलं, आणि ते ती चाळीस वर्षं मानत आलेली. मला वाचवायला जे एकच करणं तिच्या हातात उरलं होतं, ते तिच्या हिशेबी मला मारणारंच होतं. तिने दिवा लावला, देवाला काय सांगायचं ते सांगितलं आणि माइक दाबला.

एक वाजून एकतीस मिनिटं. त्या ओळीत माझं नाव होतं. पुढे काका नाही, सर नाही, मास्तर नाही. नुसतं नाव, आणि ‘ले फोन लाव’.

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांना वाचायला लावलं. ती ओळ मी अक्षराखाली बोट ठेवून वाचली. संपली की पुन्हा पहिल्या अक्षरावर. मला रडू येत होतं आणि ते मी थांबवलं नाही. ऐकायचं म्हणून ज्याच्यासाठी एवढा तमाशा केला, ते तिने म्हटलं तेव्हा मी चार कोसांवर विहिरीला टेकून बसलो होतो. या खेपेला बाजाही वाजत नव्हता.

बायको पाठीमागून चहा घेऊन आली. “काय वाचून राह्यले एवढं?”

“काई नाई,” मी म्हणालो. “हवामान.”

आणि तिला दिसू नये म्हणून घाईघाईने त्या ओळीवर तळहात ठेवला. तिला वाचता येत नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षातच आलं नाही.